लहान वनस्पतियुक्त मत्स्यालयातील खतमात्रा व अन्नद्रव्यांचे संतुलन : एक विवेचन

प्रस्तावना

काचेच्या लहान टाकीत माशांबरोबर जिवंत जलवनस्पती वाढविण्याचा छंद आज अनेक शहरी घरांत आढळतो. या छंदातील अपयशाचे स्वरूप बहुधा सारखेच असते. पाने पिवळी पडली म्हणून खत घातले जाते. काही दिवसांतच काचेवर व पानांवर शेवाळ दिसू लागते. म्हणून खत बंद केले जाते आणि वनस्पती पुन्हा खुरटतात. या फेऱ्यात कित्येक टाक्या मोडीत निघतात आणि चुकीच्या खतामुळे प्रसंगी मासेही दगावतात. यामागे अन्नद्रव्यांच्या हिशेबाविषयीचे अज्ञान हे एक प्रमुख कारण असते. जलवनस्पतींची गरज कशावर ठरते, मात्रा कशी काढावी आणि पाणी बदलण्याचा तिच्याशी काय संबंध आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

किमान घटकाचा नियम

कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेला व पुढे युस्टुस फॉन लीबिख यांनी प्रसृत केलेला किमान घटकाचा नियम येथे पायाभूत ठरतो. वनस्पतीची वाढ एकूण अन्नद्रव्यांच्या साठ्यावर नव्हे, तर गरजेच्या मानाने सर्वांत कमी उपलब्ध असलेल्या घटकावर अवलंबून असते. लोह कमी असताना नत्र दुप्पट केले तरी वाढ होत नाही. न वापरलेले नत्र पाण्यात साचत राहते.

मत्स्यालयात या नियमाला प्रकाश व कार्बन यांची जोड द्यावी लागते. प्रकाश वाढला की सर्वच अन्नद्रव्यांची मागणी वाढते. परंतु हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. त्यामुळे कार्बनचा स्वतंत्र पुरवठा नसलेल्या टाकीत तीव्र दिवे लावल्यास वनस्पतींची उपासमार होते व शेवाळाला वाव मिळतो. अशा टाकीत खताआधी प्रकाश कमी करणे हाच योग्य उपाय होय. वॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटचाही उपयोग करू शकतात. म्हणून कठीण पाण्यात त्या तग धरतात.

लक्षणांचे वाचन

नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे नेऊ शकते. त्यामुळे त्यांची उणीव प्रथम जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम व बोरॉन यांचे असे वहन सहजी होत नाही. त्यांची उणीव शेंड्याकडील नव्या पानांवर प्रकट होते. नवी पाने फिकट व शिरा हिरव्या असल्यास लोहाचा, तर खालची पाने सरसकट पिवळी पडत असल्यास नत्राचा विचार प्रथम करावा. बिघडलेले जुने पान बहुधा सुधारत नाही. म्हणून उपायाचा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या नव्या पानांवरून जोखावा.

मात्रेचे गणित

महाराष्ट्रातील द्राक्ष व डाळिंब बागांना ठिबकमधून दिली जाणारी विद्राव्य खते कृषी सेवा केंद्रांत मिळतात. त्यांपैकी १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. मात्र पिशवीवरील आकडे व मत्स्यालयातील चाचणीचे आकडे यांची भाषा निराळी आहे. पिशवीवर नत्र मूलद्रव्याच्या, स्फुरद पेंटॉक्साइडच्या आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात दिलेले असते. नायट्रेट काढण्यासाठी नत्राचा आकडा ४.४३ ने, फॉस्फेटसाठी स्फुरदाचा १.३४ ने व पोटॅशियमसाठी पालाशाचा ०.८३ ने गुणावा लागतो. त्यानुसार १३:०:४५ मध्ये सुमारे ५७.६ टक्के नायट्रेट व ३७.४ टक्के पोटॅशियम, तर ०:५२:३४ मध्ये सुमारे ७० टक्के फॉस्फेट असते.

उदाहरणादाखल ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी घेऊ. तिचे आकारमान ५४ लिटर असले तरी वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४० लिटर आहे असे मानू. लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढविण्यासाठी २०० मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजेच सुमारे ३५० मिलिग्रॅम १३:०:४५ लागते. त्याबरोबर लिटरमागे ३.३ मिलिग्रॅम पोटॅशियमही मिळते. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम फॉस्फेटसाठी ०:५२:३४ केवळ २९ मिलिग्रॅम पुरते.

एवढे सूक्ष्म वजन घरी करणे अशक्य असल्याने द्रावण करणे श्रेयस्कर. ५०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम १३:०:४५ विरघळविल्यास ५ मिलिलिटरमध्ये वरील मात्रा येते. दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच पाण्यात २.९ ग्रॅम ०:५२:३४ घ्यावे. लोहाचे द्रावण फॉस्फेटच्या बाटलीत मिसळू नये. दोन्हींचा साका तयार होतो. दख्खनच्या बेसाल्टमधील विंधनविहिरींचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते. अशा पाण्यात ईडीटीए लोहापेक्षा डीटीपीए लोह अधिक टिकते.

येथे एक धोका अधोरेखित करणे आवश्यक आहे. १९:१९:१९ या लोकप्रिय खतात युरिया व अमोनियायुक्त नत्र असते. ते मत्स्यालयात वापरू नये. २५ अंश सेल्सिअस तापमानास सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के, तर सामू ८ असताना ५ टक्क्यांहून अधिक भाग विषारी मुक्त अमोनियाच्या रूपात असतो. त्यामुळे अल्कधर्मी पाण्यात ही चूक माशांच्या जिवावर बेतते. कोळंबी पाळणाऱ्यांनी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणातील तांब्याबाबतही दक्ष राहावे.

पाणी बदलणे : साठ्याची मर्यादा

१९९६ मध्ये पॉल सिअर्स व केव्हिन कॉनलिन यांनी फॉस्फेट मर्यादित ठेवून शेवाळ रोखण्याचा विचार मांडला. पुढे टॉम बार यांच्या ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ पद्धतीने याच्या उलट मार्ग दाखविला : सर्व अन्नद्रव्ये किंचित जास्त द्यावीत व दर आठवड्यास निम्मे पाणी बदलून साठा आटोक्यात ठेवावा.

या पद्धतीमागील गणित सोपे आहे. वनस्पतींनी काहीच शोषले नाही व नव्या पाण्यात ते अन्नद्रव्य नाही असे मानले, तर साठ्याची कमाल पातळी म्हणजे आठवड्याची एकूण मात्रा भागिले बदललेल्या पाण्याचा अंश. वरील नायट्रेटची मात्रा आठवड्यातून दोनदा दिल्यास लिटरमागे १० मिलिग्रॅम होते. दर आठवड्यास निम्मे पाणी बदलल्यास साठा २० च्या वर जात नाही. पाव भाग बदलल्यास मर्यादा ४० होते, दहावा भाग बदलल्यास १००, आणि पाणी मुळीच न बदलल्यास मर्यादाच उरत नाही. कमी पाणी बदलणाऱ्याने मात्राही त्याच प्रमाणात घटविली पाहिजे.

माशांचे खाद्य हाही नत्राचा व स्फुरदाचा स्रोतच आहे, हे येथे विसरता येत नाही. मासे पुष्कळ व वनस्पती विरळ असलेल्या टाकीत नायट्रेट घालण्याची गरज नसते. तेथे पालाश व लोहच कमी पडण्याची शक्यता अधिक असते. यास्तव खत सुरू करण्यापूर्वी नायट्रेटची एक चाचणी करून घेणे हिताचे ठरते.

निष्कर्ष

१) अन्नद्रव्यांची मागणी प्रकाशाने व कार्बनच्या उपलब्धतेने ठरते, खत ही नंतरची पायरी आहे.
२) मात्रा टाकीच्या बाह्य मापावरून न काढता प्रत्यक्ष पाण्यावरून व खताच्या आकड्यांचे रूपांतर करून काढावी.
३) युरिया व अमोनियायुक्त खते पूर्णतः वर्ज्य मानावीत.
४) साप्ताहिक मात्रा व पाणी बदलण्याचे प्रमाण यांचा एकत्रित विचार करावा.

शेतात दिलेल्या खताचा काही भाग निचऱ्यावाटे निघून जातो. ४० लिटरच्या टाकीला असा निचरा नसतो. तो पाळणाऱ्यालाच बादलीने करावा लागतो. म्हणून लहान मत्स्यालयात खताची बाटली व पाण्याची बादली या एकाच हिशेबाच्या दोन बाजू ठरतात.