जेलचा दाणा आणि बोअरचं पाणी

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यासाठी हायड्रोजेलची पूड वरदान म्हणून सांगितली जाते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा हायड्रोजेल’ स्वतःच्या वजनाच्या किमान 350 पट पाणी शोषतं. पण हा आकडा शुद्ध पाण्यातला आहे. शेतात जेल किती फुगेल, हे त्याला कोणतं पाणी मिळतं त्यावर ठरतं. जेल म्हणजे लांब रेणूसाखळ्यांची जाळी. साखळ्यांवर ऋणभार असतो; त्याला तोलणारे सोडियम-पोटॅशियमसारखे सुटे आयन जाळीतून बाहेर जाऊ शकत नाहीत आणि परासरणाने पाणी आत ओढून घेतात. या पाण्यात केसांच्या कंडिशनरमध्ये असतो तसा धनभारित पृष्ठसक्रियक मिसळला, की त्याचे रेणू साखळ्यांना चिकटतात, सुटे आयन बाहेर पडतात आणि रेणूंच्या तेलकट शेपट्या एकमेकींना बिलगून पुंजके करतात. नुसत्या पाण्यात असे पुंजके व्हायला जेवढं द्रव्य लागतं, त्याच्या कितीतरी कमी मात्रा इथे पुरते. फुगलेल्या पारदर्शक दाण्याची कड आधी दुधाळ होते, तिची घट्ट साल बनते, आत मात्र गाभा अजून फुगलेलाच असतो. मग साल आत सरकत जाते आणि दाणा आक्रसतो. जपानच्या योशिहितो ओसादा यांनी 1992 मध्ये याच गुणावर, विजेची दिशा उलटसुलट करून, जेलची पट्टी अळीसारखी चालवून दाखवली. पाणी धरणारी वस्तू ही अशी चपळ यंत्रणा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

यावर कोणी म्हणेल, शेतात कंडिशनर कोण ओततं? शिवाय कपड्यांच्या पावडरीतलं मुख्य द्रव्य ऋणभारित असतं, ते जेलला चिकटत नाही. दोन्ही खरं. पण धनभारित द्रव्यं गोठा आणि कोंबड्यांची शेड धुण्याच्या काही जंतुनाशकांतही असतात, आणि टंचाईत वापरलेलं पाणीही झाडांना घातलं जातं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काळ्या मातीतल्या चिकणमातीवरही ऋणभार असतो, ती हे रेणू आधीच पकडते. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या जमिनीला हे लागू पडतं. पण ती जमीन मुळातच पाणी धरते. जेलची खरी गरज बालाघाटच्या मुरमाड माळांवर आहे, आणि तिथे चिकणमातीचा हा आडोसा तोकडा. त्यातही पृष्ठसक्रियकांपेक्षा मोठी अडचण बोअरच्या जड पाण्याची. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आयनांवर दुहेरी धनभार असतो. ते शेजारच्या साखळ्या एकत्र बांधतात आणि फुगवटा खूप उतरतो. म्हणून विकत घेण्याआधी चिमूटभर पूड पावसाच्या पाण्यात आणि तेवढीच आपल्या बोअरच्या पाण्यात रात्रभर भिजवावी, आणि सकाळी दोन्ही भांड्यांतला फरक पाहून खर्च परवडतो का ते ठरवावं.