उपेक्षित काटेसावर

आपला भंडारा जिल्हा झाडीपट्टीतला. येथे लाकूड म्हटले की प्रत्येकाच्या मुखी सागाचेच नाव येते. फाल्गुनात तांबड्या फुलांनी डवरणाऱ्या काटेसावरीला मात्र कोणी खिजगणतीत धरीत नाही. तिचे लाकूड स्वस्त असले तरी कुचकामी नाही, असे मला वाटते.

वनस्पतिशास्त्र सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडासच मऊ लाकूड म्हणते. रुंद पानांची सावर त्या हिशेबाने कठीण लाकडात मोडते! प्रत्यक्षात तिच्यावर नखही उमटते. वाळलेला साग घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो, तर सावर ३५० ते ४००. म्हणूनच आगकाड्या, खोकी व प्लायवुड यांसाठी ती सोयीची.

तिचा मोठा दोष म्हणजे ओल्या ओंडक्याला बुरशी व भुंगेरे लवकर लागतात. तेव्हा झाड तोडताच फळ्या पाडून, मध्ये फटी ठेवून त्या वाळवाव्यात. बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण हे लाकूड सहज शोषते. मात्र पावसाने ते धुऊन जाते, म्हणून अशा फळ्या छपराखालीच वापराव्यात.

तुळईला सागच हवा. पण खोक्यासाठी साग का पाडावा? सावर झपाट्याने वाढते. हलक्या कामाला हलके लाकूड वापरले, तर आपला सागही वाचेल.