पोलादी नळांचे काठिण्य

विळा पाजणारा लोहार आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लाल झालेले पाते तो पाण्यात बुडवितो आणि गार झाल्यावर त्यावर कानस ओढून पाहतो. कानस निसटली की पाणी नीट चढले; किस निघाला की काम कच्चे. काठिण्याची ही परीक्षा जुनी असली तरी मुळीच टाकाऊ नाही. परंतु तेल, वायू अथवा वाफ वाहून नेणारे नळ, त्यांचे कोपरे आणि टोकांशी बोल्टांनी आवळावयाच्या फ्लँजा यांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. तेथे आकडा लागतो.

तो मिळविण्याची युक्ती योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने 1900 साली जगापुढे मांडली. 10 मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी पोलादावर ठेवून तिच्यावर 3000 किलोग्रॅमचा भार द्यावयाचा आणि उमटलेल्या खळीचा व्यास सूक्ष्मदर्शकातून मोजावयाचा. भाराला खळीच्या पृष्ठफळाने भागले की ब्रिनेल अंक येतो. खळी 5 मिलिमीटरची असेल तर तो 143, आणि 4 मिलिमीटरची असेल तर 229. जाड फ्लँजेला ही रीत मानवते. पातळ नळाला एवढा भार सोसत नाही. तेथे रॉकवेल अथवा व्हिकर्स यांच्या पद्धती वापरतात. व्हिकर्स पद्धतीत हिऱ्याचे इवलेसे चौकोनी टोक हलक्या भाराने दाबतात. म्हणून वेल्डिंगच्या सांध्यालगतची अरुंद पट्टीही तपासता येते.

या पट्टीकडे विशेष लक्ष का द्यावयाचे? वर्गात मी विचारतो, ‘कठीण पोलाद चांगले की मऊ?’ सारा वर्ग ‘कठीण’ म्हणून ओरडतो. नळांच्या बाबतीत हे उत्तर घातक ठरू शकते. वेल्डिंग करताना सांध्यालगतचे पोलाद अतिशय तापते आणि भोवतालचा थंड नळ ती उष्णता झपाट्याने ओढून घेतो. म्हणजे लोहाराने विळ्याला जे मुद्दाम केले, तेच येथे कोणाच्या मनात नसताना घडते! पट्टी कठीण होते आणि तिचा चिवटपणा जातो.

नळातील वायूत हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी वायू, आणि ओल असेल तर धोका फारच वाढतो. हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि कठीण भागाला ताणाखाली अकस्मात तडा जातो. म्हणून अशा कामी साध्या कार्बनी पोलादाचे काठिण्य रॉकवेलच्या ‘सी’ मापाने 22 च्या वर जाऊ देत नाहीत. कास्पियन समुद्रातील काशागान तेलक्षेत्र 2013 च्या सप्टेंबरात सुरू झाले आणि याच जातीच्या तड्यांमुळे ऑक्टोबरात बंद पडले. दोन्ही नळवाहिन्या बदलाव्या लागल्या. उत्पादन पुन्हा सुरू होण्यास 2016 साल उजाडले. आपल्याकडे वसईच्या समुद्रातून हजिऱ्याला येणाऱ्या वायूतही हायड्रोजन सल्फाइड असते. तो हजिऱ्याच्या कारखान्यात काढला जातो. तोवरची सारी वाट नळांनाच सोसावी लागते.

उपाय मात्र साधा आहे. जाड नळ वेल्डिंगपूर्वी शेकून घेतात, म्हणजे सांधा सावकाश निवतो. तरीही आकडा मर्यादेबाहेर गेला तर सांधा सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हळूहळू थंड करतात आणि पुन्हा मोजतात. तेवढ्यानेही तो उतरला नाही, तर सांधा कापून नव्याने जोडावा लागतो.