माकडांचे जंत: औषध पोटात, अंडी मातीत

‘गोड खाल्लं की जंत होतात’ हे आपल्याकडे घरोघरी मुलांना ऐकवलं जातं. प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यासमोरही तेच ऐकू येतं: केळी फार खातात, म्हणून जंत. केळ्यांनी वजन वाढेल, दात किडतील, पण जंत होणार नाहीत. जंताचं अंडं किंवा अळी शरीरात शिरली तरच जंत होतो. तेच केळं विष्ठा पडलेल्या मातीवरून उचलून खाल्लं, तर मात्र गोष्ट वेगळी.

गैरसमज: विष्ठेत जंत दिसला नाही, म्हणजे माकड निरोगी.

पिंजऱ्यातल्या माकडांत वारंवार सापडणारा ट्रायक्युरिस हा जंत चाबकासारखा असतो. त्याचा बारीक भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतलेला असतो, त्यामुळे तो सहसा बाहेर पडत नाही. बाहेर पडतात ती अंडी, आणि ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. ताजी विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून, गाळून नळीत काठोकाठ भरायची आणि वर पातळ काच ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांत हलकी अंडी तरंगून काचेला चिकटतात. ट्रायक्युरिसचं अंडं ओळखायला सोपं: लांबट, तपकिरी, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच.

एका तपासणीत काही मिळालं नाही म्हणून फाइल बंद करायची नसते. अंडी रोज सारखी पडत नाहीत. शिवाय अंडं गिळल्यापासून जंत मोठा होऊन स्वतः अंडी घालेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तेवढ्या काळात विष्ठा ‘स्वच्छ’च दिसणार. म्हणून नमुने काही दिवसांच्या अंतराने पुन्हा घेतात. पण कळपात कोणाची विष्ठा कोणती, हे कसं ओळखायचं? काही ठिकाणी एकेका माकडाच्या खाण्यात वेगळ्या रंगाची, अपाय न करणारी चमकी घालतात; दुसऱ्या दिवशी विष्ठाच नाव सांगते.

गैरसमज: दर तीन महिन्यांनी जंताचं एक औषध दिलं की काम झालं.

कोणतं औषध? पायरँटेल गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर चालतं, ट्रायक्युरिसवर जवळजवळ नाही. आयव्हरमेक्टिन स्ट्राँगिलॉइड्स या जंतावर चांगलं, ट्रायक्युरिसवर कमकुवत. ट्रायक्युरिससाठी फेनबेंडाझोल द्यायचं तर एका मात्रेवर भागत नाही, सलग काही दिवस द्यावं लागतं. आणि ते पोटात जायला हवं! लाल तोंडाचं माकड औषध घातलेला घास गालाच्या पिशवीत ठेवतं, मागाहून चव घेतं आणि कडू लागलं तर थुंकतं. कळपाचा म्होरक्या दुर्बलांचा वाटाही मटकावतो, म्हणजे एकाला दुप्पट आणि दुसऱ्याला शून्य. म्हणून प्रत्येकाला वेगळं करून, कीपरच्या डोळ्यांदेखत औषध द्यावं लागतं. साधारण दोन आठवड्यांनी अंडी पुन्हा मोजायची. समजा, आधी ग्रॅममागे १००० होती आणि नंतर ४०० राहिली, तर घट फक्त ६० टक्के. औषध, मात्रा की थुंकलेला घास, हे शोधायला हवं.

गैरसमज: फिनाईल मारलं की पिंजरा निर्जंतुक.

ट्रायक्युरिसच्या अंड्याचं कवच जाड असतं. नेहमीच्या जंतुनाशकांना ते सहसा दाद देत नाही. ओलसर सावलीतल्या मातीत अंडी महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहूनही जास्त टिकतात. ताजं अंडं मात्र लगेच बाधत नाही, आत अळी तयार व्हायला काही आठवडे लागतात. रोजची झाडलोट इथेच उपयोगी पडते: अंडी पिकण्याआधीच विष्ठा उचलली जाते. काँक्रीटच्या फरशीवर वाफेचा मारा, कडक ऊन, वरची माती बदलणं आणि जमिनीपासून उंचावर बांधलेला खाण्याचा फळा, हे सगळं औषधाइतकंच उपचारात मोडतं. माझ्या मते तर जास्तच, कारण मातीत अंडी तशीच राहिली तर पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा चढलेला असतो.

गैरसमज: हे माकडांचे जंत, माणसांचा काय संबंध?

माकडांतल्या स्ट्राँगिलॉइड्स फ्युलेबोर्नी या जंताच्या अळ्या मातीतून माणसाच्या कातडीतही शिरू शकतात. म्हणून कीपरला गमबूट आणि हातमोजे हवेत. उलट बाजूही आहे: माणसाचे सुतकृमी चिंपांझीला होतात. तेव्हा माकडांबरोबर त्यांची निगा राखणाऱ्यांचीही विष्ठा तपासली पाहिजे, आणि प्रेक्षकांनी पिंजऱ्यात काही टाकू नये, अर्धवट खाल्लेलं केळंसुद्धा.