ईसीजीवरच्या इशाऱ्याची वाट पाहू नका
हृदयविकाराचा झटका आल्यावर पहिल्या काही तासांत जे दगावतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हृदयाची ताकद संपलेली नसते; बिघडलेली असते ती लय. रक्त न मिळालेल्या स्नायूत विजेचे संदेश सैरावैरा धावू लागतात, खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त थांबते. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. छातीवर लगेच शॉक दिला, तर असे हृदय बहुधा पुन्हा नीट चालू लागते. म्हणूनच १९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी वेगळे अतिदक्षता कक्ष निघाले आणि अहोरात्र ईसीजी दाखवणारा पडदा खाटेशेजारी आला.

पडदा आल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला: ही थरथर सुरू होण्याआधी काही चाहूल लागते का? लागते, असे बॉस्टनचे डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी १९६७ मध्ये मांडले. ईसीजीच्या पट्टीवर नेहमीच्या सुबक ठोक्यांमध्ये एखादा ठोका वेळेआधीच येतो, रुंद आणि बेढब दिसतो. असे ठोके मिनिटाला पाचाहून जास्त पडले, लागोपाठ आले, निरनिराळ्या आकारांचे दिसले किंवा आधीच्या ठोक्याच्या टी लहरीवरच येऊन आदळले, तर धोका समजावा, असे ठरले. यातली शेवटची खूण सर्वांत पटणारी होती. टी लहर उमटते तेव्हा पेशी पुढच्या ठोक्यासाठी सावरत असतात. काही सावरलेल्या, काही नाहीत. नेमक्या त्या क्षणी आलेला ठोका विजेचे भोवरे निर्माण करू शकतो. मग असे ठोके दिसताच ते दाबणारे लिडोकेन हे औषध शिरेतून देण्याची पद्धत रूढ झाली.

तर्क बिनचूक होता, रुग्णांनी मात्र तो पाळला नाही. १९७० च्या दशकात सलग नोंदी तपासल्या, तेव्हा थरथर सुरू झालेल्या अनेक रुग्णांत आधी असे ठोके नव्हतेच, किंवा अगदी आयत्या वेळी आले होते. उलट, ज्यांना काहीच झाले नाही त्यांच्या पट्ट्यांवरही ते मुबलक होते. जो इशारा वाचणाऱ्याला आणि दगावणाऱ्याला सारखाच मिळतो, त्याला इशारा कसा म्हणावे? लिडोकेनने निदान थरथरीचे प्रमाण तरी घटले ना, असे कोणी विचारील. घटले, सुमारे एक-तृतीयांशाने; पण १९८८ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीने तर डोळेच उघडले. जादा ठोके उत्तम दाबणारी दोन औषधे घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. पट्टी सुधारली आणि माणसे गेली. वैद्यकाच्या इतिहासातला हा धडा प्रत्येक डॉक्टरने जवळ बाळगावा, इतका मोलाचा आहे.

मग ईसीजी कुचकामी का? मुळीच नाही. झटक्यात वर उचलली गेलेली एसटी रेषा रक्तवाहिनी बंद पडल्याचे सांगते आणि ती तातडीने उघडणे हाच लयीच्या बिघाडावरचाही खरा उपाय. वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संपर्क तुटल्याचे, किंवा पोटॅशियम घटल्याचे पट्टीवर दिसले, तर त्यावर इलाज करता येतो. शिवाय मॉनिटर थरथर सुरू होताक्षणी दाखवतो. शॉकचे यंत्र हाताशी असते. घरी किंवा रस्त्यात ती सोय नसते आणि छाती दाबणेही सुरू झाले नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हे ओळखून १९६६ मध्ये शॉकचे यंत्रच रुग्णवाहिकेत बसवले.

थोडक्यात, ईसीजी आत्ताचे सांगतो, पुढचे नाही. ‘गेल्याच महिन्यात ईसीजी नॉर्मल आला होता’, हा दिलासा म्हणूनच घातक. तो कागद त्या काही सेकंदांचा असतो. झटका सुरू असतानाही पहिला ईसीजी कधी कधी नॉर्मल येतो. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असे काही जाणवले तर ॲसिडिटी म्हणून थांबू नका, स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा. आणि समोरचा माणूस कोसळून नीट श्वास घेत नसेल, तर मदत येईपर्यंत त्याच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा.