संकटातली आशा आणि कॅथलिक श्रद्धा : प्लेगच्या क्रुसापासून पाणलोटाच्या बांधापर्यंत

वसमतच्या शिवारात हळद लावणाऱ्याला आठ-नऊ महिने वाट पाहावी लागते. तेवढ्या काळात पाऊस ओढ देतो किंवा नको तितका कोसळतो, पानांवर करपा येतो, कंद सडतो. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात नेईपर्यंत भाव कुठे असेल, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने आभाळ बदलत नाही. त्यात याच तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीच्या पोटातून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे लोकांची झोप उडवत आले आहेत. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये तर ४.५ तीव्रतेचे धक्के हिंगोलीबरोबर परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. अशा मुलखात ‘धीर धरा, देव बघेल’ हा सर्वांत स्वस्त सल्ला ठरतो. धर्मातून मिळणारी आशा या सल्ल्यापलीकडे काही देते का, हा प्रश्न म्हणून इथे नुसता तात्त्विक राहत नाही. कॅथलिक परंपरेच्या अंगाने तो तपासण्याला कारण आहे. हिंगोली जिल्हा ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो, तो १९७७ साली स्थापन झाला. महाराष्ट्रात सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळूनही २०११ च्या जनगणनेत एक टक्का भरत नाहीत. तरीही या छोट्या समाजाने साथ, दुष्काळ आणि सत्तांतर यांना कसे तोंड दिले, याच्या खुणा जवळपास तीन शतके मागे जातात. त्या खुणा पाहता एक निष्कर्ष निघतो. श्रद्धेतून आलेली आशा तिथेच तगली, जिथे तिला ठरलेला दिवस, एकत्र जमण्याची जागा आणि हाताला काम, या तिन्ही गोष्टी मिळाल्या.

आधी शिकवण काय आहे, ते पाहू. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे ख्रिस्ती धर्माने मानलेले तीन मूलभूत सद्‌गुण. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी आशेची फार नेमकी व्याख्या केली आहे. जे चांगले आहे, अजून हाती आलेले नाही, मिळवायला अवघड आहे पण मिळणे शक्य आहे, त्याच्याकडे मनाची ओढ म्हणजे आशा. जे सहज मिळणार त्याची आशा धरावी लागत नाही, आणि जे अशक्यच आहे त्याची आशा धरता येत नाही. म्हणूनच या परंपरेत आशेविरुद्ध दोन पापे सांगितली जातात. एक निराशा, आणि दुसरे देवाला गृहीत धरणे. आपण काही केले नाही तरी देव निभावून नेईल, असे समजणारा माणूसही हताश माणसाइतकाच आशेपासून दूर असतो. ‘देव बघेल’ हा सल्ला खुद्द कॅथलिक शिकवणीच्याच कसोटीवर नापास होतो, तो इथे.

या शिकवणीला वर्षाच्या क्रमात जागा आहे, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जगभरात कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होत नाही. वेदी उघडी ठेवतात आणि येशूच्या दुःखसहनाची कथा लोकांसमोर वाचली जाते. शनिवारचा दिवस शांततेत जातो आणि त्या रात्री पुनरुत्थानाचा जागर होतो. शोकाला त्याचा पूर्ण वेळ दिल्याशिवाय आनंदाची घोषणा करायची नाही, असा हा क्रम आहे. २ नोव्हेंबरला, अनेकदा आपल्या दिवाळीच्याच सुमारास, सर्व मृतांचा दिवस येतो आणि कुटुंबे दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात. संकटात सापडलेल्या माणसाला एकट्याने धीर गोळा करावा लागत नाही. दिवस ठरलेला असतो आणि शेजारी येणार हेही ठरलेले असते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर परिपत्रक लिहिले, तेव्हा सुरुवातीलाच सुदानमध्ये लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या जोसेफिन बखिता यांचे उदाहरण घेतले. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ हे पवित्र वर्ष ‘आशेचे यात्रेकरू’ या सूत्राने जाहीर केले. त्याच वर्षी २१ एप्रिलला त्यांचे निधन झाले, आणि उरलेले वर्ष त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनी पुढे नेले. माणूस गेला तरी क्रम चालू राहावा, अशीच या परंपरेची बांधणी आहे.

ही बांधणी प्रत्यक्ष संकटात कशी वागली, याचा पहिला पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर आजही उभा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या प्लेगने शिरकाव केला. घाबरलेले लोक शहर सोडून पळू लागले, घरे रिकामी पडली. त्या काळात माझगाव, गिरगाव, वांद्रे अशा भागांतल्या कॅथलिक वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, चौकात, विहिरीजवळ क्रूस उभारले. जुने क्रूस होते तिथे नव्याने प्रार्थना सुरू झाली. संध्याकाळी शेजारी त्या क्रुसापाशी जमून जपमाळ आणि लादिन ही सामूहिक प्रार्थना म्हणत. अनेक वस्त्यांत मे महिन्यात ही प्रथा अजून पाळली जाते. क्रुसाने प्लेग थांबवला, असे कोणी म्हटले तर ते मान्य करता येणार नाही. रोगाचे कारण जंतू होते आणि ते उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होते. पण माणसांनी एकमेकांकडे पाठ फिरवण्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी जमण्याची एक जागा या क्रुसांनी टिकवून धरली. याच शहरात मांडवीतला पहिला रुग्ण ओळखून प्लेगची वर्दी देणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे गोव्याचे कॅथलिक होते. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. गल्लीतला क्रूस आणि व्हिएगस यांची तपासणी या गोष्टी एकाच समाजातून आल्या. प्रार्थना करणारा समाज विज्ञानाकडे पाठ करतोच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये.

दुसरा पुरावा वसईचा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता तिथून गेली. राज्यकर्त्यांच्या आश्रयाने वाढलेला धर्म राज्यकर्ते गेल्यावर विरून जाईल, असा अंदाज कोणीही केला असता. तहात ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मुभा मिळाली, पण युरोपीय धर्मगुरू बहुतेक निघून गेले. तरीही शेतकरी आणि कोळी समाजांतले कॅथलिक, आपली मराठी बोली बोलत, स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने तिथेच राहिले. ती परंपरा विसाव्या शतकात कुठे पोचली, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या कामात दिसते. वसईच्या पाण्यावर आणि बागायतीवर बांधकामाचे संकट आले, गुंडगिरीची दहशत पसरली, तेव्हा त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून सर्वधर्मीय लोकांना उभे केले. ‘सुवार्ता’ मासिकातून लिहिले, बायबलचा मराठी अनुवाद केला आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ख्रिस्ती धर्मगुरूने संमेलनाध्यक्ष होऊ नये म्हणून धमक्या आल्या, पण संमेलन झाले. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले. त्यांच्या आयुष्यात जपमाळ आणि मोर्चा यांची फारकत कधी झाली नाही.

तिसरा पुरावा आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या सर्वांत जवळचा आहे. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ मुंबई इलाख्यापासून निजामाच्या हैदराबादपर्यंत पसरला होता. त्या दशकाच्या अखेरीस जर्मन आणि स्विस येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी अहमदनगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातल्या केंदळ परिसरात काम सुरू केले. गावकुसाबाहेरच्या महार-मांग कुटुंबांतून कॅथलिक समाज उभा राहिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले आणि मायदेशी पाठवले. त्या काळात प्रार्थना घेणारे, मुलांना अक्षर शिकवणारे गावातले मास्तर हाच या वस्त्यांचा आधार होता. परदेशी आधार तुटल्यावरही समाज मोडला नाही. पुढे याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीयाने दुष्काळाचा प्रश्न धान्यवाटपापुरता न ठेवता जमिनीवर आणला. त्यांच्या प्रयत्नांतून आणि नाबार्डच्या सहभागाने १९९० च्या दशकात महाराष्ट्रात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. त्यात गावाने श्रमदान करायचे, मोकाट चराई आणि वृक्षतोड बंद ठेवायची, आणि मगच निधी यायचा, अशी रीत होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नालाबंडिंग करत पाणी अडवले गेले. संगमनेर तालुक्यातले दरेवाडीसारखे गाव या कामासाठी ओळखले जाऊ लागले. या गावांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते आणि कोणी व्हावे अशी अटही नव्हती. अवघड पण शक्य, ही अक्वायनसची व्याख्या बांधावर उतरली ती अशी.

आता आक्षेप. पहिला सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आहे. दुष्काळात धान्य देऊन धर्म दिला, मग ती आशा म्हणायची की भुकेचा सौदा? भुकेल्या माणसाचा निर्णय पूर्ण मोकळा नसतो, हे मान्य केलेच पाहिजे, आणि मिशनच्या इतिहासात मदत व धर्मांतर यांची सरमिसळ झाली, हेही. पण दुष्काळ दोन-तीन वर्षांत सरला, धान्य बंद झाले, तरी चार-पाच पिढ्या लोक त्या श्रद्धेत राहिले. केवळ धान्यासाठी आलेला माणूस धान्य संपल्यावर का थांबला असता? ज्याला गावातल्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याला पहिल्यांदा शाळेच्या बाकावर आणि प्रार्थनेच्या रांगेत जागा मिळाली. थांबण्याचे कारण तिथे शोधावे लागेल.

दुसरा आक्षेप आतला आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. क्रुसासमोर सगळे समान, असे सांगणाऱ्या चर्चमध्येही जात शिरली. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात ते उघडपणे मान्य केले. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. म्हणजे या समाजाला मिळालेली आशा अर्धीच फळाला आली. यावरून श्रद्धा खोटी ठरत नाही, पण तिसरी अट, म्हणजे काम, जिथे अपुरे पडले तिथे आशाही अपुरी पडली, हे माझे म्हणणे याने पक्केच होते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे धर्माशिवायही जमते. जमते, यात शंका नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, आणि त्यांच्यामागे सत्यशोधक विचार होता. आशेची मक्तेदारी कोणत्याही पंथाकडे नाही. पण कोणाकडे मक्तेदारी नाही, म्हणून कोणाकडे ठेवाही नाही, असे होत नाही. सत्यशोधकांनाही बैठका, शाळा आणि दवाखाना उभा करावा लागला. म्हणजे विचार वेगळा, तरी जागा आणि काम लागलेच. धर्म ही अफू आहे, या मार्क्सच्या प्रसिद्ध शेऱ्याचे उत्तरही इथेच मिळते. वेदना विसरायला लावणारा धर्म त्या शेऱ्यास पात्र आहे. वेदनेला दिवस ठरवून देणारा आणि दुसऱ्या दिवशी हातात कुदळ देणारा धर्म त्या व्याख्येत बसत नाही.

मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागलेले पाहिले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात उभी पिके पुरात गेलेलीही पाहिली. दर संकटानंतर धीर देणारी भाषणे होतात आणि कर्जाच्या ओझ्याखालचा शेतकरी रात्री पुन्हा एकटा पडतो. जवळपास तीन शतकांच्या या अनुभवातून वसमतच्या वाचकाने घ्यावे ते हेच की आशा एकट्याने धरायची गोष्ट नाही. तुमचे दैवत कोणतेही असो, विठ्ठल असो, बुद्ध असो, अल्ला असो की क्रुसावरचा येशू, ज्या घरावर संकट आले आहे तिथे जायचा वार ठरवा, गावात बसायची एक जागा ठरवा, आणि उठताना उद्या कोणते काम कोणी करायचे ते ठरवून उठा. एवढे होत नसेल, तर धीर धरा असे कोणालाही सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.