केळीचे रोप आणि नववीचा धडा

जळगाव जिल्ह्यात केळी लावताना अनेक शेतकरी आता मुनव्यांऐवजी 'टिश्यू कल्चर'ची रोपे घेतात. महाराष्ट्र मंडळाच्या नववीच्या विज्ञानात शिकवले जाणारे ऊती संवर्धन ते हेच. कंदावरच्या कोंबाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून पोषक माध्यमात ठेवतात. सायटोकायनिन या संप्रेरकामुळे त्याला फुटवे येतात, ऑक्झिन या संप्रेरकामुळे मुळे. मग रोपे हरितगृहात बाहेरच्या हवेला सरावतात.

यातले बरेचसे काम हातांनीच होते. चिमटा तापवा, बाटली उघडी ठेवू नका, हे नियम कामगाराकडून पाठ करून घेता येतात. पण हवेतले बुरशीचे बीजाणू साखर असलेल्या माध्यमावर झपाट्याने वाढतात हे ठाऊक असेल, तर नियमांत न लिहिलेली चूकही त्याच्या लक्षात येते. माध्यम १२१ अंश सेल्सिअसला दाबाच्या वाफेत का ठेवायचे, हेही उमगते: काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात.

शाळेतून तयार तंत्रज्ञ बाहेर पडत नाही; ते कसब कामावरच येते. शाळेने लावायची ती निरीक्षणाची, नोंदीची आणि कारण विचारण्याची सवय. त्यासाठी पावावरची बुरशी, कांद्याचा पापुद्रा आणि एक सूक्ष्मदर्शक पुरतो. मात्र प्रयोग फळ्यावरून वहीत न उतरता मुलांच्या हातून व्हायला हवा.